अंशतः सहमत

दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात हातोडी होती आणि ओठांत खिळा.

"मतचाचणीसाठी आलेय... लोकशाही, भांडवलशाही यांबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारायला. वेळ आहे?"

त्यानं खिळा काढला. "वेळ आहे. बसायला जागा नाही."

खरंच नव्हती. हा दातांचा डॉक्टर मिळवलेलं सगळं चित्रं विकत घेण्यात घालायचा. भिंती भरलेल्या, खुर्च्यांवर चित्रं, फ्रिजला टेकूनही चित्रं! मी उभ्यानंच सुरुवात केली.

"बहुमताचा निर्णय नेहमी मान्य करावा. सहमत, अंशतः सहमत, असहमत?"

"सहमत. बाहेरच्या खोलीत कुठलं चित्र लावायचं, ते इथे येणारेच ठरवतात. नळवाला, शेजारच्या काकू... तुमचंही मत द्या."

"मी तटस्थ असते."

"तुमचे डोळे नाहीत."

ते एका निळ्या चित्रावर खिळले होते. गच्चीवर केस वाळवत बसलेली बाई, भोवती निळी संध्याकाळ... मी घाईनं पुढचा प्रश्न काढला. "बाजारात प्रत्येक गोष्ट विकता यायला हवी?"

"बाजार नसता तर ही माझ्यापर्यंत आलीच नसती. पण आता ती घरची झालीय." तो हसला. "अंशतः सहमत लिहा."

पडताळणीच्या निमित्तानं मी पुन्हा गेले. मग निमित्तं संपली, तरी जात राहिले. तो एकेका चित्रासमोर असा थांबायचा, जणू आजच पहिल्यांदा बघतोय. मी चित्राकडे कमी, त्याच्याकडेच जास्त बघायचे. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

मग छत गळायला लागलं. ओल लागून दोन चित्रं फुगली. त्याच सुमाराला एका बड्या संग्राहकानं निळं चित्र मागितलं. त्या पैशांत नवं छत होणार होतं.

त्यानं सगळ्यांना बोलावलं. त्याची ताई कळवळून म्हणाली, "अरे, एकीपायी बाकीची कुजवणार आहेस का?" तिचा हात वर गेला. काकूंचा गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं... आणि मीही हात वर केला.

"तूसुद्धा?"

"बाकीची वाचतील रे," एवढंच कसंबसं म्हणाले.

चित्र त्याचं, घर त्याचं. नाही म्हणाला असता तर कोण काय बोलणार होतं? पण त्यानं स्वतःच्या हातांनी ते मऊ चादरीत गुंडाळलं, खाली गाडीपर्यंत नेलं आणि त्या संग्राहकाला काळजीनं म्हणाला, "हिला उन्हात लावू नका हं."

खिडकीतून मी ऐकलं. इतके दिवस स्वतःशीसुद्धा जे कबूल केलं नव्हतं, ते तिथे उभ्या उभ्या केलं.

तो वर आला तोवर ताई आणि काकू गेल्या होत्या.

"रागावलास?"

"हो. तासभर तरी रागावणार आहे."

"मग मी तासाभरानं येते."

"नको—" त्यानं माझी ओढणी धरली, लगेच सोडली. "इथेच थांब. राग गेल्यावरही... थांब. कायमची."

"माझं एक कपाट आहे," मी म्हणाले. "आईचं, भलंमोठं. त्याला सोडून मी कुठेच राहत नाही."

त्यानं सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली... एकदा, पुन्हा एकदा. मग आतल्या खोलीत गेला, स्टूल ओढलं आणि पलंगासमोरचं चित्र खाली काढलं.

"धर," तो म्हणाला, "अजून तीन काढावी लागतील."