ताईंच्या सूचनांची कॅसेट

त्या दुपारी मी शेजारी गेले ती फक्त शिडी मागायला. आमच्या पंख्यावर इतकी धूळ साचली होती की तो सुरू केला की आमचे हे शिंकायला लागायचे, आणि एकदा लागले की थांबायचं नाव नाही.

शेजारचं दार नुसतं लोटलेलं होतं. भावजी टेबलापाशी बसले होते, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि समोर ताईंचा टेप. त्याला नुसतं टेप म्हणणं तसं बरोबर नाही. वर सीडीचं गोल झाकण, पुढे कॅसेटचा कप्पा, बाजूला रेडिओची चकती आणि उचलायला दांडी, असा तीन कामांचा तो डबा होता. भावजींनी सीडीचं झाकण उघडलं होतं आणि दुकानातल्या पिवळ्या फडक्याने आतलं मुगाएवढं भिंग पुसत होते. चष्म्याचं दुकान चालवण्यात आयुष्य गेलेला माणूस, भिंग दिसलं की पुसणारच.

"बरं झालं आलात वहिनी," ते म्हणाले. "काच लख्ख केली. तरी ही बोलत नाही."

ही म्हणजे ताई, त्यांची बायको. ताई जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

"अहो भावजी, कॅसेट खालच्या कप्प्यात असते. वरची काच पुसून ती कशी बोलेल? चष्मा लावला म्हणून कोणाला ऐकू येतं का?"

त्यावर ते हसले. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच.

आता ह्या कॅसेटचं सांगायला हवं. भावजींना घरातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. ताई म्हणायच्या, "ह्यांना सगळ्या गावाच्या डोळ्यांचे नंबर पाठ, स्वतःच्या बनियनचा विचारा!" दुखणं बरं होणार नाही हे कळलं तेव्हा ताईंनी रडारड केली नाही. टेप उशाशी घेतला आणि भावजी दुकानात गेले की रोज थोडं थोडं भरत गेल्या. गॅस कसा पेटवायचा, दूध कधी खाली उतरवायचं, बटाटे किती शिजवायचे, पाण्याच्या टाकीची तोटी कुठली. त्यांच्या पलंगाला आणि आमच्या ओट्याला एकच भिंत. मी काही कान लावून ऐकत नव्हते, पण देवाने कानांना पापण्या दिल्या नाहीत त्याला मी काय करू? एक सूचना झाली की बटण खट्‌ वाजायचं. मग खोकला, आणि "हं, पुढे."

सगळं भरणं मी ऐकलं. म्हणून तर सांगते, ताई कपड्यांपर्यंत आल्या होत्या. "पांढरे वेगळे भिजवा हं, आणि रंगीत..." एवढंच झालं आणि त्यांना धाप लागली. बटण खट्‌ वाजलं. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "अगं, लेक न्यायला येईपर्यंत ह्यांना उपाशी राहू देऊ नकोस. तेवढं माणूस जिवंत राख." लेक दुसऱ्या गावी नोकरीला, एका खोलीत राहायची. मोठी जागा मिळाली की बाबांना घेऊन जाणार होती. मी हो म्हटलं. तसल्या वेळी कोण नाही म्हणतं?

गंमत अशी की कॅसेटमधली पहिलीच सूचना होती, हा टेप कसा लावायचा. ताईंच्या हे लक्षातच आलं नाही की ज्याला टेप लावता येत नाही तो ती ऐकणार कशी!

मी भावजींना शिकवलं. "हा खटका तीन जागी जातो. सीडी, रेडिओ, टेप. तुमचं काम टेपशी. हे बटण दाबलं की सुरू, हे मागे न्यायचं, हे थांबवायचं. आणि ह्या लाल ठिपक्याच्या बटणाला हात लावायचा नाही. ते आणि सुरूचं बटण एकदम दाबलं की जुनं पुसून नवं भरतं."

बटण दाबलं. खरखर झाली आणि ताई बोलल्या. "अहो, ऐकताय ना? आधी हा टेप कसा लावायचा ते सांगते." भावजी चटकन उभेच राहिले, शाळेत साहेब आल्यासारखे. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

पुढचे काही दिवस फार बरे गेले. भावजी टेप ओट्यावर ठेवायचे आणि ताई सांगतील तसं करायचे. दूध उतू जायचं थांबलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात जायला लागले. मी भिंतीपलीकडून रोज ताईंचा आवाज ऐकायची आणि मनात म्हणायची, बाई, जिंकलीस.

मग एका दुपारी मी त्यांची शिडी परत द्यायला गेले. टेप चालू होता. भावजी पाठमोरे, गॅसपाशी. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि टेपमधून ताईंचा आवाज आला, "शेजारीण आलीय. खुर्ची दे तिला."

भावजींनी मागे न बघता खुर्ची सरकवली.

मी तशीच उभी राहिले, शिडी हातात धरून. हे कॅसेटमध्ये नव्हतं. आणि ताईंनी जन्मात कधी नवऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं.

"भावजी, हे... हे कुठलं?"

"कपड्यांच्या पुढचं," ते शांतपणे म्हणाले. "पुढे बरंच आहे वहिनी. आता कुठे सुरुवात झालीय."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. "तू भिंतीला कान लावून अर्धं ऐकलंस, अर्धं ती दवाखान्यातून येऊन बोलली असेल," हे म्हणाले आणि पेपर उघडला. ताई दवाखान्यातून घरी आल्याच नव्हत्या, हे ह्यांच्या लक्षातही नव्हतं.

त्यानंतर एकेक गोष्ट बंद होत गेली. आधी दूध. दूधवाला म्हणाला, काकांनी नको सांगितलं, एकट्याला कशाला. मग दुकान. मग खिडक्या. भावजींनी जुने कागद आणून सगळ्या काचांवर चिकटवले, कडांना चिकटपट्टी लावून, चष्म्याची काच बसवतात तितकं नेटकं काम. मी डबा घेऊन जायची तर घर भर दुपारी काळोखं असायचं. पंखा बंद. आत ताईंच्या बामचा वास, आणि त्याच्याखाली दुसरा एक, बंद पडलेल्या फ्रीजच्या आत येतो तसा. डबा दुसऱ्या दिवशी तसाच परत मिळायचा. झाकणसुद्धा उघडलेलं नसायचं.

"भावजी, दोन घास तरी खा. ताई काय म्हणतील?"

"तीच नको म्हणते ना." त्यांची मान आता शर्टाच्या कॉलरमध्ये मोकळी फिरत होती. "पंखाही नको म्हणते. आवाज नीट पोचत नाही."

"कोणाला पोचत नाही?"

टेपची चाकं फिरत होती. ताईंचा आवाज आता अगदी हळू येत होता, कुशीवर निजलेल्या माणसाने उशीत बोलावं तसा. "आज पाणीही नको... उद्या सांगेन..."

मला वाटलं, ताई त्यांना न्यायला आल्या आहेत. जाताना 'माणूस जिवंत राख' म्हणणारी बाई अशी कशी करेल, असंही वाटलं. पण एकटेपणाने माणूस इथे बदलतं, तिथे बदलत नसेल कशावरून? मेल्यावर अहो-जाहोसुद्धा गळून पडत असेल.

मी लेकीला फोन केला. ती रडायलाच लागली. "काकू, शनिवारी येते, जागा मिळालीय. तोवर ती कॅसेट काढून टाका ना!" मी एकदा काढायला हात घातलाही होता. भावजींनी माझं मनगट असं धरलं की बोटं उमटली. उपाशी माणसाच्या हातात तेवढा जोर कुठून आला, कोण जाणे.

म्हणून मी ठरवलं, काढायची नाही, पुसायची. कॅसेट जागेवर दिसेल, पण तिच्यात काही राहणार नाही. ताईंना भरणं पूर्ण करून कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडायचे होते, म्हणजे वर दुसरं भरता येत नाही. पण त्यांचं पूर्ण झालंच नव्हतं, आणि ते तुकडे शाबूत होते.

शुक्रवारी दुपारी लेकीला सांगून आमच्या घरी फोन करवला. भावजी घ्यायला आले. ह्यांना मी आधीच पढवून ठेवलं होतं, फोन झाला की तुमच्या चष्म्याचा विषय काढा. तो निघाला की भावजींना तास कमी पडायचा.

मी त्यांच्या घरात शिरले. ओट्याजवळचा दिवा लावला नाही, त्यांना कळलं असतं. चाचपडत टेपपाशी गेले, कॅसेट पार मागे नेली आणि लाल ठिपक्याचं बटण आणि सुरूचं बटण एकदम दाबलं.

त्या टेपवर एक बारीक हिरवा दिवा होता. भरताना कोणी बोललं की तो लुकलुकायचा, गप्प झालं की विझायचा. मी तोंडावर पदर दाबून बसले. चाकं फिरत होती. गॅस, दूध, बटाटे, एकेक करून ताई पुसल्या जात होत्या. मला स्वतःचीच किळस आली. काळोखात कुठे टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. एवढं शांत.

आणि हिरवा दिवा लुकलुकत होता.

थांबत... लुकलुकत... परत थांबत. कोणी टेपच्या अगदी तोंडाशी वाकून, सावकाश, एकेक शब्द सांगत असावं तसा.

माझ्याने राहवलं नाही. "ताई, पुरे झालं," मी म्हटलं. "सोडा त्यांना."

दिवा विझला. नंतर लागलाच नाही. कॅसेट संपेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले होते. तो विझला होता, पण मला काही सुटल्यासारखं वाटलं नाही. कोणीतरी बोलता बोलता थांबून आपल्याकडे बघायला लागलं, की वाटतं तसं वाटलं.

मागे नेऊन ऐकलं. नुसती खरखर. मग माझा आवाज, "ताई, पुरे झालं. सोडा त्यांना." मग पुन्हा खरखर, शेवटपर्यंत.

भावजींनी परत येऊन बटण दाबलं. मी भिंतीच्या अलीकडे जीव मुठीत धरून ऐकत होते. आता ओरडतील, मग ओरडतील. ते ओरडले नाहीत. माझं वाक्य आलं तेव्हा त्यांनी टेप मागे नेला आणि परत ऐकलं. परत मागे नेला. मग म्हणाले, "बरं."

शनिवारी लेक आली. तिने कागद फाडून खिडक्या उघडल्या, बाबांना आंघोळ घातली, चमच्याने पेज भरवली. ते मुकाट्याने प्यायले. मला हुंदकाच फुटला. गाडीत बसताना टेप मांडीवर घेऊन बसले, सोडेनात. लेकीने माझ्याकडे बघितलं. "असू दे गं," मी म्हटलं. "रिकामा आहे तो." मीच दांडी त्यांच्या हातात नीट दिली.

काही दिवसांनी मी फोन केला, बाबा कसे आहेत विचारायला.

"काकू, किती केलंत हो तुम्ही!" लेकीचा आवाज मोकळा होता. "मला सांगितलंसुद्धा नाहीत. आईची कॅसेट झिजली म्हणून तुम्ही स्वतः सगळं भरून दिलंत. बाबा दिवसभर तुमच्याच आवाजावर चालतात."

"मी काय भरलं?"

"म्हणजे काय! कधी उठायचं, कधी बसायचं, सगळं. तेवढं जेवायचं मात्र पुन्हा नको म्हणायला लागलेत. तुम्ही एकदा समजवा ना. थांबा, फोन टेपजवळ ठेवते. आत्ता चालूच आहे बघा."

मी तिला थांब म्हणाले. तिने ऐकलं नाही. खरखर जवळ आली, आणि त्या खरखरीत मी बोलत होते. माझाच आवाज, माझीच वाक्यावर जोर द्यायची पद्धत, शेवटी दम लागतो तोसुद्धा माझा.

"खिडकी झाली. पंखा झाला. आता लेकीला आत बोलाव. दार लावून घे."

तेव्हा मला समजलं. त्या ताई नव्हत्याच. कपड्यांच्या पुढे ताई कधीच नव्हत्या. त्या कॅसेटमध्ये जेवढ्या खऱ्या ताई उरल्या होत्या, तेवढ्या मी माझ्या हाताने पुसल्या होत्या. आणि त्यांच्या पुढे जे काही बोलत होतं त्याला आवाज हवा होता, तो माझा देऊन आले होते.

"बाळ," लांबून भावजींची हाक आली. "जरा आत ये."

"आले बाबा," लेक म्हणाली. "काकू, एक मिनिट हं."

"जाऊ नकोस!" मी किंचाळले. "अगं, आत जाऊ नकोस, ती मी नाही!" पण फोन टेपच्या तोंडाशी ठेवलेला होता, तिच्या कानाशी नव्हता. तिची पावलं लांब गेली. दार लागलं. कडी सरकली.

मी नाव घेऊन हाका मारत राहिले. आमचे हे धावत बाहेर आले. तेवढ्यात पलीकडची खरखर थांबली, आणि फोनच्या अगदी जवळून, माझ्याच आवाजात, कोणीतरी मला म्हणालं,

"ठेव आता."

आणि मी ठेवला.