घेवड्यातली मिरी

"समोरची खुर्ची रिकामी आहे का?"

कुणीतरी चक्क मराठीत विचारलं, आणि माझ्या काड्यांमधून नूडल सुटून परत वाडग्यात पडली. तेही कुठे, तर चीनमधल्या सिचुआन प्रांतातल्या एका गल्लीतल्या खाणावळीत!

"मी मराठी आहे हे कसं ओळखलंत?"

"मघाशी तिखट लागल्यावर 'अगं आई गं' म्हणालात ना, त्यावरून."

मी तिथे भाजी पॅक करायची यंत्रं बघायला गेले होते, बाबांच्या घाऊक भाजीच्या गाळ्यासाठी. तो सुट्टी काढून नुसता खायला आला होता.

"हॉटेलात आचारी आहे मी," तो म्हणाला. "घरी चायनीज म्हणून जे करतो ना, त्याची आता लाज वाटायला लागलीय. इकडे प्रत्येक प्रांताचं ताट वेगळं. उत्तरेत गव्हाचं, दक्षिणेत हलकं, वाफवलेलं... आणि इथे—"

"इथे माझे ओठ गेले," मी घाबरून म्हणाले. "खरंच! लागतच नाहीयेत."

"आहेत की जागेवर." त्याने जरा जास्तच वेळ बघून खात्री करून घेतली. "इथली मिरी असते ती. तोंड बधिर करते. जाईल थोड्या वेळात."

बधिरपणा थोड्या वेळात गेला. तो मात्र गेला नाही.

परत आल्यावर तो आमच्या गाळ्यावर भाजी घ्यायला येऊ लागला. घेवड्याची शेंग कानाजवळ धरून मोडायचा, आवाज पसंत पडला तरच घ्यायचा. बाबा म्हणाले, "हा घेवड्याचं ऐकतो. बाकीचे नुसता भाव ऐकतात." माझे बाबा कुणाबद्दल इतकं बोलले, म्हणजे फारच झालं.

"आज काय देऊ?" मी विचारायची.

"तू घरी नेशील ते."

"मग ते मीच खाईन."

"दोघांत खाऊ की."

पण गाडी त्यापुढे सरकेना. आधी कोण बोलणार म्हणून दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो... आणि तेवढ्यात ते स्थळ आलं. बाबांच्या मित्राचा मुलगा, नाव ठेवायला जागा नाही. "रविवारी संध्याकाळी होकार कळवू," बाबा म्हणाले. माझा होकार त्यांनी धरूनच टाकला होता.

मग मी त्याच रविवारी दुपारी आचाऱ्याला घरी बोलावलं. आपला माल चिनी पद्धतीने कसा लागतो ते बघू, असं बाबांना सांगितलं. बाबा जेवून खूश झाले की तोंड उघडायचं, एवढंच माझं ठरलं होतं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्याने वांगी लोण्यासारखी मऊ केली, काकडी ठेचून तिला लसूण लावला. घेवडा तर सालीला सुरकुत्या पडेपर्यंत कोरडा परतला. बाबांनी तो पुन्हा वाढून घेतला; आमची पानं अजून वाढायची होती. आईने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी श्वास घेतला. "बाबा, मला जरा—"

बाबांनी चमचा खाली ठेवला. ओठांवरून बोट फिरवलं.

"ओठ... लागत नाहीये."

आई ताडकन उठली. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता, आणि सुरुवात अशीच झाली होती. पुन्हा असं वाटलं तर क्षणभरही थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ही गोष्ट आम्ही घराबाहेर जाऊ दिली नव्हती. गाळेवाला आजारी आहे असं बाजारात नुसतं कानावर गेलं, तरी शेतकरी माल दुसऱ्याकडे उतरवतात. म्हणून बाबा पाहुण्यांकडे गेलेत, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. आचाऱ्यालाही.

"मिरी आहे ती!" मी म्हणाले. "बाबा, मलाही तिकडे अस्संच..." पण माझं बोलणं मलाच पटेना. मिरीच असेल. पण नसली तर?

त्याने आईचा पांढराफटक चेहरा पाहिला. "काकांना आधी काही झालंय का?"

"झटका आला होता रे," आई रडवेली होऊन म्हणाली.

त्याने गॅस बंद केला. "गाडीची किल्ली दे."

"अरे, पण मिरीच—"

"बहुतेक मिरीच. पण 'बहुतेक'च्या भरवशावर यांना घरी बसवून ठेवायचं? उठा काका, माझ्या खांद्यावर हात टाका."

दवाखान्यात बाबांना आत नेलं, आई त्यांच्याबरोबर गेली, आणि बाहेरच्या बाकापाशी आम्ही दोघंच उरलो.

"मला सांगायचं नाही?" तो दबक्या आवाजात चिडला. "त्या मिरीला मी हातसुद्धा लावला नसता!"

"घरातली गोष्ट होती. बाहेर सांगायची नव्हती."

"बरोबर आहे. मी बाहेरचाच."

"आज संध्याकाळी बाबा एका घरी माझा होकार कळवणार आहेत. तेही तुला सांगायचं राहिलं."

तो भिंतीला टेकला. "आणि तुझा आहे होकार?"

"मला विचारलंय कुणी! ना त्यांनी... ना तू."

त्याने तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं.

"सगळं व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या. "पण यांनी खाल्लं काय होतं?"

आचाऱ्याने खिशातली मिरीची पुडी पुढे केली. बाईंनी एक दाणा चावून पाहिला, आणि पुढचं वाक्य त्यांना काही नीट म्हणता येईना. नर्स तोंड फिरवून हसली. बाबा मात्र हसले नाहीत. पलंगावर बसून ते त्याच्याकडे बघत होते.

"मिरीच आहे, हे तुला ठाऊक होतं?"

"जवळजवळ."

"मग इथे येऊन स्वतःचं हसं कशाला करून घेतलंस?"

"हसं झालं तर झालं, काका. तुम्हाला काही झालं असतं तर..."

एवढ्यात बाबांचा फोन वाजला. पडद्यावर मित्राचं नाव होतं. त्यांना संध्याकाळपर्यंतही धीर धरवला नव्हता. बाबांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातातली पुडी उगाचच चुरगाळत असलेल्या त्याच्याकडे पाहिलं. मग फोन माझ्यापुढे धरला.

"माझा ओठ अजून जड आहे. मला काही नीट बोलता येणार नाही. तूच बोल."

एवढं सगळं ते अगदी खणखणीत बोलले होते. आईने डोळे पुसले.

मी फोन कानाला लावला. "हॅलो, काका... हो, बाबा बरे आहेत. काका, तुमचं घर चांगलं आहे, मुलगाही चांगला आहे. पण माझं ठरलंय." पलीकडून प्रश्न आला. "आचारी आहे तो. नाही... त्याने अजून विचारलेलं नाही."

त्याचे कान लालबुंद झाले. पुडी हातातून पडली, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"विचारतोय," तो म्हणाला. "आत्ता विचारतोय. करशील लग्न माझ्याशी?"

"हो," मी म्हणाले. फोन अजून कानालाच होता.