सत्तेचाळीस नंबरचं कार्ड

फौजदार मालोजी शिर्के सकाळीच दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कोंडीराम ओव्हाळ ओसरीवर एकटेच चहा पीत बसले होते. खालापूरच्या कोर्टात तीस वर्षं भाषांतरकार म्हणून काढलेला माणूस. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी नागपूरला दिलेली. कुणी इंग्रजी कागद वाचून घ्यायला आलं की त्यांना बरं वाटे.

"हे भाषांतर बरोबर आहे का, तेवढं सांगा," शिर्के म्हणाले आणि त्यांनी एक जाड कार्ड पुढं केलं.

कार्डाच्या कोपऱ्यात ४७ हा आकडा होता. वर यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून कापलेली इंग्रजी ओळ चिकटवलेली. खाली टाइप केलेलं मराठी : वाफेची नळी बंद करून झाकण मोकळे करावे.

कोंडीरामांनी जुन्या सवयीनं अंगठा जिभेला लावला आणि कार्ड उलटून पाहिलं. मागं काही नव्हतं. पुन्हा पुढची बाजू वाचली.

"मधले शब्द गळलेत. 'काटा शून्यावर आल्यावरच' झाकण उघडावं, असं इंग्रजीत आहे. नळी बंद केली तरी हंड्यात वाफ कोंडलेलीच असते; तिचा दाब काट्यावर दिसतो."

"तेच झालं," शिर्के म्हणाले. "साजगावच्या कारखान्यात धाऊ दरवडा म्हणून कामगार होता, घाटातल्या ठाकुरवाडीचा. मराठी पुस्तिकेत लिहिलंय तसं त्यानं झाकण उघडलं. तिसऱ्या दिवशी गेला. भाषांतर आपल्या शाळेतल्या मालनबाईंचं. हे कार्डही त्यांचंच. उद्या त्यांना अटक करावी लागणार."

कोंडीरामांचं लक्ष आपल्या अंगठ्याकडं गेलं. त्यावर काळा डाग होता. कार्डावर 'नळी'तलं एक अक्षर जरा पसरलं होतं.

"अटक उद्याच ना?" ते म्हणाले. "मग आज मला बाईंकडं घेऊन चला."

मालनबाईंच्या पायरीवर एक बाई गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. धाऊची बायको, चिंधी. शिर्क्यांना बघूनही ती हलली नाही.

आत मालनबाई टाइपरायटरसमोर बसल्या होत्या. त्यात कागद नव्हता.

"कार्डं किती केली होतीत?" कोंडीरामांनी विचारलं.

"एकशे बारा. एका वाक्याला एक कार्ड. तेच वाक्य पुढं परत आलं की तेच कार्ड काढायचं. म्हणजे शब्द बदलत नाहीत."

"सगळी याच मशीनवर?"

"हो. हे मराठीचं मशीन आहे."

"कारखान्यात कुणी नेली?"

"त्यांच्या टायपिस्टनं, श्रीपत रोकड्यानं. बिस्किटांच्या डब्यात घालून दिली मी. त्यावरून तो छपाईसाठी स्टेन्सिल कापणार होता."

"तुमच्याकडं नक्कल?"

"नाही. जाड कार्डाखाली कार्बन उमटत नाही."

"सत्तेचाळिसावं वाक्य आठवतं?"

"काट्याचं लिहिलं होतं असं वाटतं. पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. पाच दिवसांत माझ्याशी कुणी बोललं नाही. पायरीवरची ही रोज पहिल्या गाडीनं येते, बसते, संध्याकाळी जाते. तीही बोलत नाही."

"तेच वाक्य मला टाइप करून द्या."

त्यांनी दिलं. कोंडीरामांनी त्या ओळीवरून ओला अंगठा फिरवला, तो बघितला आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

बाहेर पडताना चिंधीनं त्यांची वाट अडवली. "दादा, समदी म्हंत्यात, धाऊला वाचाया येत नव्हतं. त्याला येत व्हतं. आमच्या वाडीत त्या एकल्यालाच येत व्हतं."



साजगावला जाताना जीपमध्ये कोंडीरामांनी खिशातला कागद पुन्हा उलगडून पाहिला. श्रीपतला टायपिंग त्यांनीच शिकवलं होतं, कोर्टाच्या मशीनवर. कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागलेला त्यांच्या वस्तीतला तो पहिलाच. दर रविवारी तो त्यांच्याकडं यायचा, अडलेले इंग्रजी शब्द विचारायचा, जेवून जायचा. त्याच्याखेरीज त्यांच्या घराची पायरी चढणारं दुसरं कुणी नव्हतं.

"जय भीम, दादा," श्रीपत उठून उभा राहिला. "तुम्ही इकडं?"

"जय भीम. छापलेली पुस्तिका बघायची होती."

श्रीपतनं ती दिली. कोंडीरामांनी पानं चाळली.

"यातले सगळे ळ हातानं काढलेले दिसतात."

"काय करणार? आमचं मशीन कानपूरच्या ऑफिसातून आलंय, हिंदीचं. त्यात ळ नाही. टाइप करताना तेवढी जागा सोडतो, मग स्टेन्सिलवर टोच्यानं कोरतो."

"मशीनवर आणखी कोण बसतं?"

"कुणी नाही. कुलूप असतं. किल्ली माझ्याजवळ."

"बाईंचा कार्डांचा डबा?"

"माझ्याच कपाटात."

"अपघातानंतर हे कार्ड कुणी काढून दिलं?"

"मीच. साहेबांनी मागितलं."

कोंडीराम खुर्चीत बसले. आणखी एखादा प्रश्न विचारावा आणि त्याच्या उत्तरानं सगळं खोटं ठरावं, असं त्यांना वाटत होतं. विचारण्यासारखा प्रश्न उरला नव्हता.

"फौजदारसाहेब, दार लावा," ते म्हणाले.

त्यांनी टेबलावर कार्ड ठेवलं आणि शेजारी मालनबाईंचा कागद.

"बाईंच्या मशीनवर ळ आहे. हा कागद बघा, 'नळी' आणि 'मोकळे', दोन्ही ळ मशीनचेच. ओल्या अंगठ्यानं घासले तरी पसरत नाहीत. कार्डावरचं सगळं टाइप केलेलं, पण 'नळी'तला ळ माझ्या अंगठ्याला लागला. तो पेनाच्या शाईचा आहे. 'मोकळे'तलाही. ज्या मशीनला ळ येत नाही, त्यावर हे कार्ड झालं. बाईंनी ते केलेलंच नाही. वरची इंग्रजी ओळ पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रतीतून कापली, नाहीतर जुन्या कार्डावरून सोडवली. मशीनची किल्ली एकाकडं, डबाही त्याच्याच कपाटात."

शिर्क्यांनी कार्ड उजेडात धरलं. नंतर श्रीपतकडं बघितलं.

"खरं कार्ड कुठं आहे?" कोंडीरामांनी विचारलं.

"जाळलं," श्रीपत म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "बाईंनी बरोबर लिहिलं होतं. स्टेन्सिल कापताना माझी नजर घसरली. तीन शब्द राहिले. धाऊ भाजल्यावर मी कार्ड काढून बघितलं, तेव्हा कळलं."

"त्याच दिवशी सांगायचं होतंस."

"दादा, या ऑफिसात आपला मी एकटा. माझी चूक म्हटल्यावर पुढं आपल्यातल्या कुणाला इथं उभं केलं असतं का?"

"चुकीला मी तुझ्या बाजूनं उभा राहिलो असतो," कोंडीराम म्हणाले. "पण तू त्या बाईला तुरुंगात घालायला निघालास. तिलाही कुणी नाही, रे."

श्रीपतनं किल्ली टेबलावर ठेवली आणि तो शिर्क्यांबरोबर चालू लागला.

दुपारी कोंडीरामांनी मालनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले आणि त्या रडू लागल्या. पायरीवर बसलेल्या चिंधीला मात्र यातलं निम्मंच कळलं. म्हणून कोंडीराम तिच्यासोबत कर्जतपर्यंत गेले. घाटाच्या गाडीला वेळ होता.

"म्हंजे धाऊची काय चुकी नाय?" तिनं विचारलं.

"नाही. कागदात होतं तसंच त्यानं केलं. कागदच चुकीचा होता."

"बाईंनी खरं काय लिवलं व्हतं?"

कोंडीरामांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. मग शब्द न् शब्द त्यांच्यामागून म्हटला.

"वाडीत सांगते," ती म्हणाली.

गाडी आली. चिंधी डब्यात चढली आणि दाराशीच खाली बसली. गाडी हलेपर्यंत तिचे ओठ हलत होते.

परतीच्या खोपोली गाडीला अजून तासभर होता. मघाशी एक गेली होती, ती कोंडीरामांनी जाऊ दिली होती. लवकर घरी पोचून करायचं काही नव्हतं. ते बाकावर जाऊन बसले.