दुसरं पान

त्या दिवशी मी आष्ट्याच्या बाजाराला निघाले ते मिठाचं निमित्त सांगून. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई बनुबाई, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "पोराला ठेव की घरी. उन्हातनं कशाला वागवतीस?"

"राहू द्या. रडंल."

"रडंल कशाचं? तूच खाली सोडंनास त्याला. पोराला पाय हायत का न्हाईत, ह्ये तुला ठावं हाय का?"

मी नाथाजीला कडेवर घेऊन वाट धरली. मीठ घरात होतं. मला हवं होतं ते एका कवनाचं दुसरं पान.

कवनांची सुटी पानं तुम्ही पाहिली असतील. जत्रेत मिळतात. एका अंगाला छापलेली, दुसरं अंग कोरं. माथ्यावर गणपतीचं चित्र, खाली आरती, नाहीतर पाळणा, नाहीतर घडलेली एखादी हकीकत. मी सातवी शिकलेली, म्हणून मळ्यातल्या बायका ती माझ्याकडे आणायच्या आणि निवडण-टिपण करताना वाचून घ्यायच्या. मला दिवस गेले होते तेव्हा शेजारच्या रंगुबाईनं असंच एक आणलं. विहिरीवर पोराला घेऊन गेलेल्या एका आईचं कवन होतं. शेवट असा:

*नाथाजी बाळ ठेवला थारोळ्याच्या काठी ।*
*कुणी हाक दिली, माय वळली पाठी ॥*

आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'पुढील हकीकत दुसऱ्या पानी.'

रंगुबाईनं पदर तोंडाला लावला. "पोटुशीनं असलं वाचू ने बाई. जाळ त्ये." पण वर गणपती होता, जाळायचं कसं? आणि खरं सांगायचं तर जाळावंसं वाटलंच नाही. दुपारी एकटी असले की मी ते काढायची, वाचायची आणि पोटभर रडायची. दुसऱ्याच्या पोराच्या नावानं रडताना बरं वाटायचं मला.

मुलगा झाला. पाचवीच्या संध्याकाळी आत्याबाईंनी पाट्यावर सटवाई मांडली. तिच्यापुढं कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. रात्री येऊन ती बाळाचं नशीब लिहिते. लढाईमुळं कागद मिळत नव्हता. आत्याबाईंनी विचारलं, "तुझ्यापाशी असंल की एखादा?"

होता. पेटीच्या तळाशी एकच होता. पलटणीत असलेल्या ह्यांना पत्र लिहायला जपून ठेवलेला. मी म्हटलं, "न्हाई."

आणि ते विहिरीचं कवन काढून दिलं. बाकीच्या पानांना तेलाचे नाहीतर हळदीचे डाग होते. ह्याची पाठ तेवढी स्वच्छ. छापलेली बाजू मीच खाली केली, कोरी वर. आत्याबाईंना वाचता येत नाही. त्यांनी भक्तिभावानं कुंकू वाहिलं.

राखलेल्या कागदावर मी ह्यांना लिहिलं, मुलगा झाला, सुखरूप आहे.

बारशाला साताऱ्याहून आमच्या वन्सं शालूबाई आल्या. त्यांनी ते कवन कधी ऐकलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. पाळण्यात वाकून त्या बाळाच्या कानात कुजबुजल्या, आणि मग सगळ्यांना ऐकू येईल असं बोलल्या, "नाथाजी."

"ह्ये कुठनं काढलंस गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय की. तोंडाला आलं बघ."

माझं दूध त्या दिवशी आटलं.

तेव्हापासून मी त्याला खाली ठेवलेलं नाही. आमच्या मळ्यातही विहीर आहे, आणि मोटेचं पाणी पडतं ते थारोळंही. पुढं काय झालं ते कळलं तर काही करता येईल, एवढंच मनात होतं. पानाच्या तळाशी कवन बांधणाऱ्याचं नाव छापलेलं होतं, आप्पासो. तो आष्ट्याच्या बाजाराला बसतो, असं रंगुबाई म्हणाली होती. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

लिंबाखाली त्यानं पानं मांडली होती, वर दगड ठेवून. तुणतुणं वाजवत ओरडत होता, "घ्या मावशी! वाचता येत न्हाई? मग सुनंला घ्या, तेवढीच भांडायची थांबंल!" बायका हसत होत्या. मला बघताच त्याचं तुणतुणं थांबलं. बायका पांगेपर्यंत तो खाली मान घालून पानं सारखी करत राहिला.

मी जवळ गेले. "इहिरीच्या कवनाचं दुसरं पान हाय का?"

"न्हाई. पुढचं मलाच ठावं न्हाई."

"कवन तुमचंच न्हवं?"

"बांधलं मी. हकीकत एका बाईची. अशीच बाजारात आली, म्होरं बसली. काठावर पोर ठिवलं, कुनीतरी हाक मारली, मी वळले... एवढं बोलली आन् उठली. बाकीचं सांगाया येते म्हनली."

"पोराचं काय झालं, इचारलं न्हाईत?"

"इचारू कसा?" त्यानं आपला डावा हात कमरेशी वाकवला, कडेवर पोर घेतल्यासारखा. "हात असा... आन् वर कुनी न्हाई. मधनंच उजव्या हातानं थोपटायची."

मग त्यानं नाथाजीकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"पोर हाय म्हना की! वाचलं म्हंजे. लय घोर लागला हुता बगा जिवाला. आता सांगा पुढचं, कागद कुठनं तरी बघतो मी."

"म्या... म्या कवा आले हुते?"

"आवं, गरिबाची थट्टा करता व्हय? पान छापायच्या आदी न्हाई का आलासा? बगताच वळखलं म्या, पर तोंडावर इचारायचा धीर न्हाई झाला, म्हून एक बाई म्हनलं."

पान छापलं तेव्हा नाथाजी जन्मलाही नव्हता. 

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगावं म्हणून कितीदा तोंड उघडलं. पण सांगायचं तर कोऱ्या कागदापासून सांगावं लागतं.

काल दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तर नाथाजी कुशीत नव्हता. दारात धावले, तर समोरून आत्याबाईच येत होत्या, त्याला खांद्यावर टाकून. त्याचे पाय ओले होते.

"जरा पाण्यात खेळवावं म्हनलं," त्या म्हणाल्या. "थारोळ्यावर बसवलाच हुता, तवर तू पाठीमागनं हाक मारलीस. वळून बघते तर तू न्हाईस. कशाला गं हाक मारलीस?"

मी हाक मारली नव्हती.

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "आन् हात असा का धरलायस? पोर तर माझ्यापाशी हाय."

मी खाली पाहिलं. डावा हात कमरेशी वाकलेला होता, आणि उजव्या हातानं मी थोपटत होते.