चौकड्यांची तुमान

"तिरकं कापा म्हणे! सूत उभं-आडवं असतं ते काय उगीच?" तोंडात सुई धरून बयजा शिंपीण पुटपुटली, आणि कालपासून घातलेला दोरा तिसऱ्यांदा उसवू लागली.

मोरकडा गडाच्या पूर्वेला तांबडं फुटत होतं. खाली वेढा घालून बसलेल्या कंपनी सरकारची छावणी धुक्यात बुडालेली, उत्तरेच्या वाटेवर चौकड्यांच्या तुमानी घातलेल्या गोऱ्या पलटणीचा पहारा. आणि त्या पहाऱ्यातून पार होऊन गडाचा फिरंगी गोलंदाज मकलीनसाहेब कुमक आणायला जाणार, त्याचसाठी ही नवी तुमान, असं किल्लेदार हैबतरावांनी भर सदरेत जाहीर केलेलं.

कापड साहेबाच्याच लोकरी चादरीचं. हिरवे-निळे चौकडे, मधून पिवळी रेघ. मागच्या शिवणीवर रेघेला रेघ भिडली नाही तर पहारेकरी सोंग लांबूनच ओळखील, म्हणून साहेब समोर बसून दाखवत होता. पण बयजाचा जन्म ढगळ चोळणे-विजारी शिवण्यात गेलेला. आधी सवयीनं तिनं आसनाला कळीचा तिकोनी तुकडा जोडला, तिथं चौकडे मोडले. मग तिरकं कापलं, तर कापड ताणून रेघच घसरली.

"बाई, रेघ इथं पाहिजे."

"दिसतंय हो साहेब! पण मध्ये एवढं पोट आलं, तर रेघेनं जावं कुठून?"

साहेबानं आपल्या खपाटीच्या पोटाकडे पाहिलं. माणूस वेळूसारखा उंच, काटकुळा. अंगावरची चौकड्यांची तुमानही चांगली धड. आणि मापाची म्हणून आलेली गाठी मारलेली दोरी पायाला आखूड, कमरेला ऐसपैस! धुक्यात, लाल कोट घालून, साहेबाच्या मागोमाग दुसरंच कुणी गडाबाहेर निघणार हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. कारभारी विसाजीपंतांनी माप स्वतः घेतलं होतं, गडाच्या हवालदारानं दोरी पाहिली होती. पाहिली, की जो तो आभाळाकडे बघे. बयजासुद्धा.

"काय बयजाबाई, तुमान शिवता की शालू विणता?" हैबतराव सदरेतून उतरत म्हणाले.

"सरकार, धुकं आहे तोवर..." विसाजीपंत घाईनं कुजबुजले.

समोर तटाला पडलेल्या खिंडारात माणसं रात्रभर दगड रचत होती, त्यांतच बयजाचा नवरा नामाजी. सरकार दिसताच त्यानं चिखलाच्या हातानंच लवून मुजरा केला.

"काळजी नसावी सरकार!" तो ओरडला. "आपण पाठीशी आहात, तोवर इथून कुणी हलत नाही!"

हैबतरावांनी हसून हात वर केला.

बयजानं सुई तोंडातून काढली. हवालदारानं डोळ्यांनी दटावलं, पंत खाकरले. पण ती तुमान हातात धरून खिंडारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गुस्ताखी माफ सरकार, ही साहेबाची तुमान नव्हे. हे माप आपलं आहे. आपण आम्हाला टाकून पळताय."