कच्ची लादी

बुधवार, सकाळी साडेसात. मिरकरवाड्याजवळच्या बर्फ कारखान्यात एका मुलीने नळ्यांखालच्या हौदात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. साल १९८४, महिना फेब्रुवारी.

"ओ बाई, हात काढा! यंत्राचं पाणी आहे ते."

"असू दे. कोमट आहे... बर्फ उचलून बोटं मेली माझी."

यंत्र सांभाळणारा महिपत नुकताच डिप्लोमा झालेला. तो समजावायला लागला: यंत्र थंडी बनवत नाही, पाण्यातली उष्णता उपसून बाहेर टाकतं, एवढंच. हौदातली ऊब तीच.

"म्हणजे माझ्याच लादीतली ऊब मी परत घेत्ये. मग ओरडता कशाला, मेस्त्री?"

ती पूर्णगडची राही. तिच्या वडिलांची, आप्पांची, होडी. मासळी बर्फात रचून मुंबईच्या ट्रकवर चढवायचं काम राहीचं. दर बुधवारी ती केरूच्या टेम्पोतून बर्फाला यायची. महिपत बुधवारी दाढी करून येऊ लागला. हौदातलं शेवाळ घासू लागला. आणि ती आली, की हा नेमका दाबाच्या काट्यात डोकं घालून उभा.

"काटा उलटा वाचताय," एकदा ती मागून म्हणाली. तो उलटा वाचत नव्हता, तरी वळला. ती हसत होती.

मार्चमध्ये एका मंगळवारी सहा तास वीज गेली. लादी कडेकडून आत गोठते, आणि गोठलेला थरच आतल्या पाण्याला गोधडीसारखा गुंडाळून बसतो. गाभा सगळ्यात हट्टी. महिपतने गणित मांडलं: बुधवारी दुपारी दीडच्या आधी लादी काढायची नाही. राही साडेसातला दारात. होडी सुरमईने भरून आली होती, पूर्णगडहून ट्रक अकराला सुटणार होता.

"पक्की आहे ना?"

कपाळावर घामाने चिकटलेली एक बट... तो तिच्याकडेच बघत होता.

"पक्की," तो म्हणाला.

शनिवारी केरूने खबर आणली. लाद्या फोडल्या तर पोटातून पाणीच वाहिलं. आहे त्या बर्फात राहीने माल रचला. मुंबईत सुरमई फेकावी लागली. आप्पांनी तिला पडवीत उभं करून झाडलं.

"आणि ती काय म्हणते ठाऊक आहे? मेस्त्रीचा काय दोष, लादीच्या आत थोडंच दिसतं!" केरू म्हणाला.

महिपतचे कान तापले. त्याला आत दिसत होतं.

रविवारी तो एसटीने पूर्णगडला गेला. आप्पा पडवीत जाळं शिवत होते.

"लादी कच्ची होती. मला माहीत होतं," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

"मग दिलीस कशाला रे?"

त्याने चपलांकडे पाहिलं. "राही... रिकाम्या हाताने परत गेली असती. ते बघवलं नसतं."

आप्पांची सुई थांबली. उंबऱ्यात राही उभी होती.

"माझ्यासाठी खोटं बोललात, मेस्त्री?"

"हो."

"माझ्याशीच?"

चहा आला नाही. परतीच्या गाडीत जागा असूनही तो उभा राहिला.

बुधवारी साडेसातला टेम्पो आला. राही उतरली.

"पहिली लादी फोडा. माझ्यासमोर."

महिपतने फोडली. मधला पांढरा गाभा घट्ट निघाला. तिने तुकडा उचलून निरखला, मग बाकीच्या लाद्या स्वतः चढवल्या. बोटं लाल झाली. ती हौदापाशी येऊन थांबली. महिपत काट्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

आठ वाजायला दहा मिनिटं होती. तिने अजून हात बुडवला नव्हता. केरूने दोनदा हॉर्न दिला. पण ती टेम्पोकडेही वळली नाही.