त्याच्या नावाची एक ओळ

अनिमेष पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी आला तो तक्रार घेऊन. २००६ चा जानेवारी. खिडकीबाहेर चंदीगडचं सेक्टर ३४ धुक्यात बुडालेलं, आणि मी चहाच्या कपाभोवती बोटं गुंडाळून बसलेले. मागून कुणीतरी हिंदीत विचारलं, माझा कोड परत का पाठवताय?

मी वळले. उंच, गळ्यात राखाडी मफलर, चष्म्यावर वाफ धरलेली. त्याने चष्मा पुसला, माझ्या कार्डावरचं आडनाव वाचलं आणि एकदम मराठीत आला.

आमची कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. चौदा जणांचा कोड एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे सामायिक कोठारात, जमा व्हायचा आणि तिची राखण माझ्याकडे होती. तिथे मी एक हूक लावला होता, म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट. कुणी बदल जमा करायला आलं की ती आधी जागी व्हायची आणि तो बदल दुसऱ्या कुणी तपासल्याची नोंद आहे का, ते बघायची. नसेल तर बदल परत. अनिमेष नवा होता, त्याला हे ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मी कितीही हुशार असलो तरी?"

"तरी."

"आणि चहा पाजला तर?"

"स्क्रिप्ट चहा पीत नाही."

"स्क्रिप्टला कुठे विचारतोय मी..." तो म्हणाला, आणि मी घाईने मॉनिटरकडे बघू लागले.

त्याचे बाबा सेक्टर ३० च्या प्रयोगशाळेत संशोधक. तो इथेच जन्मलेला, त्यामुळे त्याच्या मराठीत मधूनच हिंदी डोकवायचं. मी फौजी बापाची मुलगी, मुक्काम चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टर्समध्ये. दर तीन वर्षांनी नवं गाव. कुणी रागावलं तर समजूत काढायलाही वेळ मिळत नाही, म्हणून मी कुणाला नाही म्हणतच नसे. माझ्या वतीने स्क्रिप्ट नाही म्हणायची. मला ती नोकरी आवडायची ती बहुधा त्यामुळेच.

फेब्रुवारीपर्यंत आम्ही रोज खालच्या टपरीवर चहा प्यायला लागलो होतो. संध्याकाळी तो मला स्कूटरवरून बसपर्यंत सोडायचा. बाबांची एप्रिलमध्ये बदली होणार, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं की संपेल, असं वाटायचं.

एका गुरुवारी तो धावत आला. दुसऱ्या दिवशी आमच्या सॉफ्टवेअरची सीडी एका रुग्णालयात जायची होती, आणि त्याचा कोड तपासणारा सहकारी रजेवर होता. बदल अगदी बारीक, लेबलं भराभर छापली जावीत म्हणून केलेला.

"एकदाच, यार. हूकमधून माझं नाव वगळ ना. मी तपासलंय, पक्का."

नाही म्हणायला हवं होतं. पण तो माझ्या टेबलावर वाकून उभा होता, डोळ्यांत विनवणी... आणि मला भीती वाटली की हा रुसेल. मी हूकमध्ये एक ओळ घातली : अनिमेष असेल तर जाऊ दे.

सोमवारी सकाळी नवा प्रिंटर लावून बघत होते. रक्ताच्या पिशव्यांची दोन लेबलं एकदम छापली. पहिलं बरोबर आलं. दुसऱ्यावर पहिल्याचाच रक्तगट.

पुन्हा छापली. तेच.

मी नोंद उघडली. गुरुवार, अनिमेष, तपासणारा कुणी नाही. आणि सीडी पंचकुल्याच्या त्या रुग्णालयात शनिवारपासून चालू होती.

मी दोन्ही लेबलं त्याच्यापुढे ठेवली. रुग्णालयाच्या रक्तपेढीचा फोन लागेना, तेव्हा आम्ही स्कूटर काढली. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मी त्याचं जाकीट घट्ट धरलं होतं आणि मनात दोन भीती होत्या. एक, कुणाचा जीव गेला असेल. दुसरी सांगायचीही लाज वाटते — हा गप्प बसेल. हूकमधली ओळ माझी होती. तो सहज म्हणू शकत होता, मला अडवलं नाही तर मी काय करू?

रक्तपेढीतल्या रघुवीरजींनी ऐकताक्षणी छपाई थांबवली. फ्रिजमधली एकेक पिशवी काढून नोंदवहीशी ताडली. शनिवारपासून लेबलं लावलेल्या एकोणीस पिशव्या, सात लेबलं चुकीची. आणि एक पिशवी जागेवर नव्हती. ती सकाळीच एका बाळंतिणीसाठी आत नेली होती.

ते आतल्या खोलीत गेले. दार मिटलं. आम्ही त्या दाराकडे बघत उभे राहिलो. अनिमेषचा हात चाचपडत माझ्या हाताशी आला.

दार उघडलं. रघुवीरजींच्या हातात ती पिशवी होती, भरलेली. पेशंटच्या रक्ताशी जुळली नाही म्हणून आतल्या तंत्रज्ञ बाईंनी बाजूला ठेवली होती.

"हम हर थैली मिलाकर ही देते हैं, बेटा," ते शांतपणे म्हणाले. "पर भरोसा तो लेबल पर भी होता है."

मी तिथल्याच बाकावर बसले.

दुपारी आमच्या बॉसच्या, ग्रेवाल सरांच्या केबिनमध्ये मी आधी बोलले. ओळ मी घातली, हे सांगितलं. अनिमेषकडे बघायचं धाडस होईना.

"मी तिला गळ घातली, सर," त्याचा आवाज आला. "आणि तपासलंय म्हणालो, ते खोटं होतं. मी एकच लेबल छापून बघितलं होतं."

सर ओरडले नाहीत, त्याने जास्तच लागलं. अनिमेषला तीन महिने नव्या कामापासून दूर ठेवलं. यापुढे हूकला हात लावायचा तर माझ्यासोबत दुसऱ्याची सही हवी, असं ठरलं. ती ओळ मी सगळ्यांसमोर काढली. दुरुस्त सीडी संध्याकाळच्या आत पोचवली, तीही आम्ही दोघांनीच.

परत निघताना भुरभुर पाऊस सुरू झाला होता. रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये मी त्याला एप्रिलचं सांगून टाकलं. आता लपवण्याचं त्राणच उरलं नव्हतं.

त्याने स्कूटरला लावलेली किल्ली परत काढली.

"मला वाटलं, आज तू मला सोडूनच देशील," तो म्हणाला. "आणि आता तू... तशीही जाणार. विनया, मला तू आवडतेस. नको जाऊ. इथेच राहा ना... माझ्याबरोबर."

"त्या गुरुवारी मी भिऊन हो म्हटलं होतं," मी म्हणाले. "तू रागावशील म्हणून. यापुढे नाही म्हणायचं तिथे मी नाहीच म्हणेन. तुला चालेल?"

"चालेल." त्याने चष्मा काढला. काचांवर थेंब होते, की डोळ्यांत, कळलं नाही. "मग आत्ता... काय म्हणतेस?"

मी थोडा वेळ घेतला. मनात नीट शोधून बघितलं, कुठे भीती आहे का. होती. बाबांची होती, एप्रिलची होती. त्याची नव्हती.

"हो," मी म्हणाले.